मुळशीचे लोणचे बहरीनला जाईल का?

दिवाळीच्या फराळाच्या ताटात लोणच्याला कोणी विचारीत नाही. तो मान चकलीचा, अनारशांचा आणि करंज्यांचा. लोणचे आपले दादरा बांधलेल्या बरणीत, फडताळाच्या खालच्या कप्प्यात स्वस्थ बसून असते. पण घरचे माणूस परदेशी निघाले की हा क्रम पालटतो. फराळाचा डबा वर्षातून एकदा जातो. लोणच्याची बाटली मात्र प्रत्येक खेपेला जाते. मग तिच्या झाकणाला मेणकापड गुंडाळले जाते, त्यावर दोरी, दोरीवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि सगळ्यांवर जुन्या टॉवेलची घडी. इतके करूनही तेल एखाद्या नव्या सदऱ्यावर आपली खूण ठेवतेच. तरी पुढच्या खेपेला बाटली जायची ती जातेच.

ज्या वस्तूसाठी माणसे एवढा खटाटोप करतात, तिला बाजारात गिऱ्हाईक असलेच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. हाच विचार घेऊन आमच्या एका विद्यार्थिनीची आई मध्यंतरी माझ्याकडे आली होती. गाव मुळशी तालुक्यातले, पौडच्या पलीकडचे. दहा बायकांचा बचत गट, आणि त्यांचे करवंदाचे लोणचे पंचक्रोशीत नावाजलेले. नात्यातला एक मुलगा बहरीनला नोकरीस आहे. त्याने एकदा चार बाटल्या नेल्या आणि मित्रांनी त्या आठवड्यात संपवल्या. त्यावरून गटात कर्ज काढून माल थेट आखातात पाठवण्याचे घाटत होते. बाई माझ्याकडे आल्या त्या मात्र वेगळ्याच कामासाठी. म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठी शिकवता. बाटलीवर काय लिहायचे तेवढे सांगा."

बाटलीवर काय लिहायचे हे सांगणे सोपे होते. पण बाटली बहरीनला जाईल का, आणि गेली तर विकली जाईल का, हा प्रश्न दहा घरांच्या कर्जाचा होता. त्याचे उत्तर 'चव चांगली आहे' एवढ्याने भागणारे नव्हते. त्या प्रश्नाचा जो हिशेब मांडता आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत असा एखादा गट, अशी एखादी काकू किंवा वहिनी असेलच.

'आंबा' आधीच पोचला आहे

पहिली गोष्ट अशी, की आखाताला आपले लोणचे परके नाही. इराक आणि आखाताच्या किनाऱ्यावर कैरीचे एक आंबट, पिवळेधमक, मेथीच्या वासाचे लोणचे खातात. त्याचे नाव 'अम्बा'. भाषेचे अभ्यासक हा शब्द मराठी 'आंबा' याच शब्दावरून गेला असे मानतात. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी, त्यातही बगदादहून मुंबईस आलेल्या ससून घराण्याने, कैऱ्या पिंपांत खारवून बसऱ्याकडे पाठवल्या आणि त्यातून हे लोणचे जन्मले, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, शब्द मात्र खरा आहे. पुढे १९५० च्या सुमारास बगदादचे यहुदी इस्रायलला गेले, तेव्हा अम्बाही त्यांच्याबरोबर गेला. ज्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याचे नाव पुण्यात रुग्णालयामुळे आपण रोज घेतो, त्याचा संबंध असा एका लोणच्याच्या गोष्टीशीही आहे.

बहरीनमध्ये तर लोणच्याला 'अचार' म्हटले की अरबी दुकानदारालाही कळते. एवढेच काय, आपल्या भोकराचे झाड तिथेही आहे. त्याच्या फळाला ते 'बंबर' म्हणतात, आणि उन्हाळ्यात ते बाजारात येते. ज्या माणसाला भोकर ठाऊक आहे, त्याला भोकराचे लोणचे समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.

पैशाचे नातेही जुने आहे. एके काळी आखातातल्या या छोट्या राज्यांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना आखाती रुपया म्हणत. बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला, तेव्हा दहा रुपयांना एक दिनार पडत असे. आज एका दिनाराला दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. बचत गटाच्या बायकांचे डोळे चमकतात ते याच आकड्याने. पण आकडा चमकला म्हणजे पदरात पडला असे नव्हे.

देश लहान, गर्दी मोठी

बहरीन हे बेटांचे राज्य. क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरच्याही आत, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या विसाव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या सुमारे पंधरा-सोळा लाख. त्यात भारतीय सव्वातीन लाखांच्या आसपास. राजधानी मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचे मंदिर आहे, आणि ते दोनशे वर्षांहून जुने मानले जाते. मराठी मंडळींची महाराष्ट्र कल्चरल सोसायटी आहे, गणेशोत्सव होतो. सगळे घरच्यासारखे वाटावे असे आहे.

पण या सव्वातीन लाखांत मराठी माणसे मूठभरच. सर्वांत मोठा भाग केरळीयांचा. त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि उत्तरेकडचे लोक. केरळी माणसाला कोवळ्या अख्ख्या कैरीचे लोणचे हवे, तेलुगू माणसाला आवकाय. त्यांची सोय पूर्वीच झालेली आहे. हैदराबादचे 'प्रिया', केरळचे 'ईस्टर्न' असे मोठे कारखाने तिथल्या मांडणीवर आपापली जागा धरून बसले आहेत. आपल्याकडचेही मागे नाहीत. गिरगावात १९१० साली दुकान थाटणारे बेडेकर, १९६२ पासूनचे पुण्याचे प्रवीण मसालेवाले चोरडिया, जळगाव जिल्ह्यातल्या उत्राणचे 'निलॉन्स' ही नावे समुद्रापलीकडे पोचलेली आहेत. मुंबईच्या ए. डी. एफ. कंपनीचा 'कॅमल' हा छाप तर मुख्यतः आखातासाठीच.

तेव्हा कैरीचे आणखी एक लोणचे घेऊन मुळशीची बाई या गर्दीत उभी राहिली, तर तिला कोणी पाहणारही नाही. तिची कैरी या कारखान्यांहून स्वस्त होणार नाही आणि तिची जाहिरातही कोणी करणार नाही. हे कटू आहे, पण कर्ज काढण्यापूर्वी समजलेले बरे.

आता दुसरी बाजू पाहा. ताम्हिणीच्या वाटेवरच्या डोंगरउतारांवर फाल्गुन-चैत्रात हिरवी करवंदे लगडतात. भोकरे आहेत, अंबाडे आहेत. करवंदाचे लोणचे हैदराबादचा कारखाना मोठ्या प्रमाणावर घालत नाही, कारण त्याला मणांनी करवंदे लागतील आणि ती काटेरी जाळीतून एकेक करून तोडावी लागतात. यंत्राला न जमणारे हे काम आहे. मोठ्याला जे परवडत नाही, तेच धाकट्याचे भांडवल.

समजा, बहरीनमधल्या भारतीयांपैकी शंभरातल्या दोघांनीच करवंदाची चव घेऊन पाहिली. ती झाली सहा हजार पाचशे माणसे. प्रत्येकाने वर्षात चारशे ग्रॅमच्या दोन बाटल्या घेतल्या, तर तेरा हजार बाटल्या, म्हणजे सव्वापाच टन लोणचे. मोठ्या कारखान्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण एक गट हंगामात पाचशे किलो घालतो असे धरले, तर दहा-अकरा गटांना वर्षभराचे काम झाले. लहान देश लहान माणसाला सोयीचा असतो तो असा.

समुद्राआधीचा घाट

मात्र घरची बरणी आणि दुकानातली बाटली यांत मोठे अंतर आहे. घरी लोणचे यंदा जरा खारट झाले तर आपण हसून म्हणतो, 'वहिनींचा हात वळला वाटते!' दुकानातल्या बाटलीला हा विनोद परवडत नाही. जानेवारीची बाटली आणि जूनची बाटली चवीला सारखीच लागली पाहिजे.

करवंदाला चीक फार. तो धुऊन, फळे ठेचून, मिठात घालून सुटलेले पाणी काढले नाही तर खार कडवट होतो. पावसाळ्यात मुळशीची हवा इतकी दमट, की एक ओला चमचा बरणीभर बुरशी आणतो. म्हणून मोठे कारखानदार एक युक्ती करतात. हंगामात फळ भरपूर मिठाच्या पाण्यात पिंपांतून खारवून ठेवतात, आणि मागणी येईल तसे ते धुऊन, मसाला घालून लोणचे करतात. गटांनी एवढे उचलले तरी एका महिन्याचा हंगाम बारा महिने पुरेल.

मग कायदे. आपल्याकडे अन्नसुरक्षा खात्याचा परवाना लागतो. तेलाच्या लोणच्यात फोडींचे वजन निदान साठ टक्के भरावे लागते. निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो आणि 'अपेडा' या १९८६ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेकडे नाव नोंदवावे लागते. तिच्या यादीत लोणची, पापड आणि चटण्या यांना स्वतंत्र स्थान आहे. आखाताकडे पाहावे, तर बाटलीवरचा मजकूर अरबीत हवा. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख बाटलीवर छापलेली हवी. मागाहून चिकटवलेली चालत नाही. माल बंदरात उतरेल तेव्हा मुदतीचा निदान अर्धा काळ शिल्लक असावा अशीही अपेक्षा असते.

तिखट कोठून आणले याचाही कागद ठेवावा. २००३ साली भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत 'सुदान' नावाचा औद्योगिक रंग सापडला आणि युरोपभर खळबळ उडाली. गावच्या गिरणीवर आपल्या डोळ्यांदेखत कांडलेली मिरची इथे कामास येते.

शिवाय झाकण. आखातात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद लोखंडी पेटाऱ्यात तेल फुगते, पातळ होते आणि वाट शोधते. झाकणाखाली धातूच्या कागदाची मोहर नसेल, तर एक बाटली पाझरून शेजारच्या अकरा बाटल्यांची लेबले तेलकट करते. तेलकट लेबलाची बाटली दुकानदार परत करतो, आणि परत आलेल्या मालाचे भाडे कोणाच्या माथी पडते हे सांगायला नको.

एकट्याने पेटारा भरू नये

आता पैशाचे पाहू. जहाजावरच्या एका पेटाऱ्यात दहा टन माल भरला, तर चारशे ग्रॅमच्या पंचवीस हजार बाटल्या झाल्या. वर धरल्याप्रमाणे एका गटाचे लोणचे म्हणजे साडेबाराशे बाटल्या. म्हणजे वीस गटांनी मिळून एक पेटारा भरेल. त्यात आखाती दुकाने मालाचे पैसे हातोहात देत नाहीत. दोन-तीन महिने थांबवतात. मोठ्या दुकानांत मांडणीवर जागा मिळवण्यासाठीच रक्कम मोजावी लागते. कर्जाचे व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभे.

वाटेची अनिश्चितीही आहे. बहरीनला जाणाऱ्या जहाजाला होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच जावे लागते. तिथे तंग वातावरण झाले की विमा चढतो. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. तोवर कतारचा बराचसा किराणा दुबईच्या बंदरातून आणि सौदी रस्त्याने येत असे. तो एका दिवसात अडला. मग भारतातून थेट जहाजे सुरू करावी लागली. लहान देशाचे दुकान दुसऱ्याच्या दारातून भरले जाते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून थेट निर्यातीचा नाद गटांनी सोडावा. मुंबईत असे व्यापारी आहेत की जे एकाच पेटाऱ्यात पोहे, पापड, मसाले, कुरडया असा सत्तर प्रकारचा माल भरून आखातात पाठवतात. त्यांना बाटल्या विकाव्यात आणि पैसे इथेच, रुपयांत घ्यावेत. समजा बाटली पौडला शंभर रुपयांत तयार झाली. व्यापाऱ्याचा नफा, भाडे, विमा, पाच टक्के जकात, तिथला वितरक आणि दुकानदार असे करीत ती गिऱ्हाइकाच्या हाती पडेतो एक दिनारापर्यंत जाईल. त्यात गटाला सुटतील ते वीस-पंचवीस रुपये. दिनाराच्या स्वप्नापुढे ही रक्कम लहान दिसते, पण ती बुडत नाही.

यात कमीपणा काही नाही. मार्च १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचे पुढे 'लिज्जत' झाले. त्यांचे पापड परदेशी गेले तेही व्यापारी निर्यातदारांमार्फतच. आणि पापड सगळीकडे सारखा का लागतो? कारण पीठ एका ठिकाणी भिजते आणि लाटणे घरोघरी होते. मुळशीच्या गटांनीही मसाला एका ठिकाणी कालवावा, मीठ एका ठिकाणी मोजावे. तोडणे, निवडणे, ठेचणे घरोघरी करावे. २०२० साली केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना सुरू केली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, पण दहा लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद झाली. सरकारी साहाय्याची चौकशी गटांनी कर्जापूर्वी करावी. कर्ज झाल्यावर नव्हे.

मुळशीची खरी पुंजी

हे सगळे ऐकून त्या बाई काहीशा हिरमुसल्या. म्हणाल्या, "म्हणजे सर, हे आमच्यासारख्यांचे काम नव्हे म्हणा की!"

मला वाटते, हे त्यांच्यासारख्यांचेच काम आहे. मुळशीची ओळख आपल्याला १९२१ ते २४ च्या सत्याग्रहामुळे. सेनापती बापट शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, पण धरण झालेच. खोऱ्यातली भातशेती पाण्याखाली गेली आणि ते पाणी भिऱ्याला वीज होऊन मुंबईला दिवे लावू लागले. याच मुळशी-मावळातली माणसे मुंबईत आणखी एका कामासाठी प्रसिद्ध आहेत. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला डबे पोचवण्याचा धंदा याच डोंगरपट्ट्यातल्या आणि जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या चालवला.

डबेवाल्यांनी स्वयंपाक कधी केला नाही. अन्न दुसऱ्याच्या घरचे, खाणारा तिसराच. त्यांनी एकच केले: ज्याचा डबा त्याला, ठरल्या वेळी, न सांडता पोचवला. झाकणावर चार खुणा, खांद्यावर भार आणि चूक होऊ न देण्याचा हट्ट, एवढ्या भांडवलावर त्यांनी जगाचे कौतुक मिळवले. घरापासून दूर गेलेल्या माणसाला घरचे अन्न पोचवणे, हेच तर लोणच्याचेही काम आहे. ज्यांच्या भाऊबंदांनी चर्चगेटला डबा चुकवला नाही, त्यांना मनामाची बाटली चुकवायचे कारण नाही. फक्त हा हिशेबीपणा पुरुषांच्या डब्याच्या घोडीवरून बायकांच्या बरणीपर्यंत यायला हवा.

आणि परीक्षा द्यायला बहरीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. तिथल्या संगणक कंपन्यांत केरळची, आंध्रची, उत्तरेची हजारो माणसे काम करतात आणि भाड्याच्या घरात एकटी जेवतात. हा आपल्या दारातला बहरीनच. एक वर्ष तिथल्या पंचवीस दुकानांत करवंदाची बाटली ठेवावी. मल्याळी मुलगा दुसरी बाटली मागायला येतो का, ते पाहावे. किती बाटल्या पाझरल्या, किती परत आल्या, किती उधारी थकली, याची वही ठेवावी. ती वही समाधानकारक निघाली, तरच मुंबईच्या व्यापाऱ्याचे दार ठोठवावे.

त्या बाईंना मी लेबलाचा मजकूर लिहून दिला. त्यात अलंकार नाहीत. करवंद, मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट, शेंगदाण्याचे तेल; वजन, तारीख, गाव. 'गाव मात्र मोठ्या अक्षरात छापा' असे आवर्जून सांगितले. गटाने कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवला असून पहिल्या दोनशे बाटल्या हिंजवडीला गेल्या आहेत.

वाचकांपैकी ज्यांचे कोणी बहरीन, कतार किंवा कुवेतला असेल, त्यांनीही यात थोडा हातभार लावावा. यंदा फराळाबरोबर करवंदाची एक बाटली पाठवावी आणि एवढेच कळवायला सांगावे, की शेजारच्या केरळी बिऱ्हाडाने ती चाखून काय म्हटले. 'छान आहे' म्हटले तर आनंद मानावा. 'कोठे मिळते' असे विचारले, तर ते उत्तर मुळशीला जरूर कळवावे.